‘ड्रॉ’ शब्दाचा अर्थ आणि व्यापाऱ्याची सही

कापडाच्या धंद्यात एक इंग्रजी शब्द दिवसातून अनेक वेळा आपल्या नजरेखालून जातो आणि आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही. सुताच्या खोक्यावर एफडीवाय आणि डीटीवाय लिहिलेले असते, त्यात तो असतो. चेक परत आला की रिटर्न मेमोवर ‘रेफर टू ड्रॉअर’ असा शेरा असतो, त्यात तो असतो. कॅश क्रेडिटच्या मंजुरीपत्रात ‘ड्रॉइंग पॉवर’, भागीदारीच्या ताळेबंदात ‘ड्रॉइंग्ज’, निर्यातदाराच्या कागदात ‘ड्युटी ड्रॉबॅक’, तयार कपड्यांच्या ऑर्डरीत ‘ड्रॉस्ट्रिंग’. हा शब्द म्हणजे ‘ड्रॉ’.

शाळेत आपल्याला त्याचा एकच अर्थ शिकवला गेला, चित्र काढणे. पुढे क्रिकेटमुळे दुसरा कळला, सामना अनिर्णित राहणे. परंतु बाजारात या शब्दाने जे काम चालते ते या दोन्ही अर्थांनी उलगडत नाही. मग आपण मुनीमजींवर, वकिलावर किंवा बँकेतल्या बाबूवर विसंबून सही करतो. ज्या कागदावर आपली सही असते, त्या कागदातील निदान क्रियापद तरी आपल्याला कळले पाहिजे, असे आम्हांस वाटते. म्हणून हा धडा.

शब्दाचे मूळ

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत ‘ड्रागन’ असे क्रियापद होते. त्याचा अर्थ ओढणे, खेचणे. (गोष्टीतल्या आग ओकणाऱ्या ड्रॅगनशी याचा काही संबंध नाही.) काळाच्या ओघात त्यातील ‘ग’चा उच्चार मऊ होत होत ‘व’सारखा झाला आणि ‘ड्रॉ’ उरला. फरपटत नेणे या अर्थाचा ‘ड्रॅग’ हा त्याचा सख्खा भाऊ; त्याने ‘ग’ सोडला नाही. जर्मन भाषेत याच घराण्याचा ‘ट्रागन’ शब्द आहे, मात्र तिकडे त्याचा अर्थ वाहून नेणे असा झाला. ‘ड्राफ्ट’ हाही ‘ड्रॉ’पासूनच निघाला. म्हणून मसुद्याचा ड्राफ्ट, बँकेचा डिमांड ड्राफ्ट आणि ओव्हरड्राफ्ट हे सगळे एकाच आजोबांचे नातू आहेत.

ओढणे हा मूळ अर्थ हाती धरला की बाकीचे अर्थ आपोआप सुटतात. कागदावर पेन्सिल ओढली की रेघ उमटते, म्हणून चित्र काढणे. टेबलाचा खण ओढून उघडतात, म्हणून तो ‘ड्रॉअर’. पाहुणे जेवणानंतर ज्या खोलीत जाऊन बसत ती मूळची ‘विथड्रॉइंग रूम’, म्हणजे मागे सरकून बसण्याची खोली. पुढे तिचीच ‘ड्रॉइंग रूम’ झाली. चिठ्ठी ओढून नाव काढतात ती सोडत म्हणजे ‘लकी ड्रॉ’. ‘विथड्रॉ’ शब्दातील ‘विथ’ हा ‘सोबत’ या अर्थाचा नाही; जुन्या इंग्रजीत त्याला ‘विरुद्ध, दूर’ असाही अर्थ होता. दूर ओढणे, म्हणजे काढून घेणे. बँकेच्या स्लिपवर हाच शब्द छापलेला असतो.

या क्रियापदाची रूपे लक्षात ठेवावीत : ड्रॉ, ड्रू, ड्रॉन. ‘ड्रॉड’ असे रूप इंग्रजीत नाही. ‘ही ड्रू अ चेक’ म्हणजे त्याने चेक काढला. ‘द चेक इज ड्रॉन ऑन अमुक बँक’ म्हणजे चेक अमुक बँकेवर काढलेला आहे. यातील ‘ऑन’ हा छोटा शब्द फार मोलाचा आहे. ज्याच्यावर काढला, त्याच्याकडून पैसा ओढायचा असतो.

आपल्या भाषांतले जोडीदार

मराठीत ‘ड्रॉ’च्या अगदी जवळ जाणारा शब्द ‘काढणे’ हा आहे. आपण चित्र काढतो, विहिरीतून पाणी काढतो, बँकेतून पैसे काढतो, सोडत काढतो, निष्कर्षही काढतो. या प्रत्येक ठिकाणी इंग्रज माणूस ‘ड्रॉ’ म्हणेल.

उर्दू माध्यमात शिकलेल्या आमच्यासारख्यांना आणखी एक सोय आहे. फारसीत ‘कशीदन’ म्हणजे ओढणे. त्यापासून कशिदा, म्हणजे कापडातून धागा ओढून केलेली नक्षी. कातिब लोक लिहिताना अक्षर लांब खेचतात त्यालाही कशीदाच म्हणतात. सोन्याचांदीची तार ओढणारा तो तारकश. लाकडावर करवत ओढणारा तो आराकश. मनाला ओढते ती कशिश. इकडून तिकडून ओढाताण ती कशमकश. धूर ओढून नेणारे धुराडे ते दूदकश, आणि गंमत अशी की धुराड्याच्या ओढीला इंग्रजीत ‘ड्राफ्ट’च म्हणतात. समोर ओढून ठेवलेली भेट ती पेशकश, हा शब्द तर मराठी बखरींतूनही आला आहे. फारसीतील कशीदन आणि संस्कृतातील कर्षण, आकर्षण हे शब्द एकाच मुळाचे मानले जातात. इंग्रजी ‘ड्रॉ’चे मूळ वेगळे आहे; पण माणसाची बुद्धी सगळीकडे सारखीच चालते, एवढे यातून दिसते.

कारखान्यातला ‘ड्रॉ’

आता आपल्या धंद्याकडे येऊ. सूतगिरणीत कार्डिंग यंत्रातून निघालेले सहा किंवा आठ पेळू एकत्र करून ते ‘ड्रॉ फ्रेम’मध्ये घालतात. तेथे रुळांच्या जोड्या असतात. पुढचे रूळ मागच्यांपेक्षा जलद फिरतात, म्हणून पेळू ओढला जाऊन बारीक होतो. आठ पेळू घातले आणि आठपट ओढले, तर पुन्हा पूर्वीच्याच जाडीचा एक पेळू बाहेर येतो. मग फायदा काय? एका पेळूची जाड जागा दुसऱ्याच्या बारीक जागेशी मिळून सरासरी साधली जाते आणि आतले तंतू सरळ होतात. सूत एकसारखे निघण्याचे रहस्य यात आहे. रुळांनी ओढण्याच्या या युक्तीचे पेटंट इंग्लंडमध्ये लुईस पॉल याने १७३८ मध्ये घेतले होते. १७६९ मध्ये रिचर्ड आर्कराइटने तीच युक्ती आपल्या सूतकताई यंत्रात यशस्वी करून दाखवली.

यंत्रमागावर नवा बीम चढवण्यापूर्वी ताण्याचा एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओढून घ्यावा लागतो. इचलकरंजीकडे हे काम करणाऱ्यांना वहिफणी कामगार म्हणतात. इंग्रजीत या कामाचे नाव ‘ड्रॉइंग-इन’. जॅकार्ड यंत्र १८०४ च्या सुमारास येण्यापूर्वी युरोपातही नक्षीदार कापडाच्या मागावर दोऱ्या ओढण्यासाठी एक मुलगा बसवत. त्याला ‘ड्रॉबॉय’ आणि त्या मागाला ‘ड्रॉलूम’ म्हणत.

पॉलिएस्टर सुतात तर सगळा भाव या शब्दावर ठरतो. वितळलेले पॉलिएस्टर बारीक छिद्रांतून बाहेर काढून त्याचा धागा करतात. तो पुरता ओढलेला नसेल तर त्यास पीओवाय म्हणतात. त्यातले रेणू अर्धेमुर्धेच रांगेत आलेले असतात. पुरता ओढला की तो एफडीवाय, म्हणजे ‘फुली ड्रॉन यार्न’. ओढताना उष्णता व पीळ देऊन फुलवला की तो डीटीवाय, म्हणजे ‘ड्रॉ टेक्श्चर्ड यार्न’. ओढल्याने लांब रेणू एका दिशेने रांगेत येतात आणि धाग्याला ताकद येते. १९३० मध्ये अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत ज्युलियन हिल या रसायनतज्ज्ञाने थंड झालेला कृत्रिम धागा ओढून पाहिला, तेव्हा तो तुटण्याऐवजी लांबत गेला आणि अधिक मजबूत झाला. कृत्रिम धाग्यांचा पुढचा सारा व्यापार या गुणावर उभा राहिला.

यातून कारखानदाराने एक धडा घ्यावा. ओढ कमी-जास्त झालेले धागे रंगही कमी-जास्त पितात. म्हणून दोन वेगळ्या लॉटचे सूत एका तागात मिसळू नये. कोऱ्या कापडात फरक दिसत नाही, परंतु रंगाई झाली की पट्टे उघडे पडतात आणि माल परत येतो.

तयार कपडे शिवणाऱ्यांनीही एक शब्द लक्षात ठेवावा. ‘ड्रॉस्ट्रिंग’ म्हणजे ओढून आवळायची नाडी. युरोपच्या ईएन १४६८२ या मानकाप्रमाणे सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना मान आणि टोपीच्या भागात अशी नाडी चालत नाही, कारण ती कशात अडकली तर मुलाचा गळा आवळला जाऊ शकतो. ऑर्डरीत ‘नो ड्रॉस्ट्रिंग’ लिहिले असताना सवयीने नाडी घातली, तर आख्खा लॉट नाकारला जातो.

पैशातला ‘ड्रॉ’

धागा ओढतात, तसा पैसाही ओढतात. सतराव्या शतकात लंडनचे व्यापारी आपली रक्कम सोनार-सराफांकडे ठेवत आणि कोणाला पैसे द्यायचे झाले की सराफाच्या नावे चिठ्ठी लिहीत. अशा चिठ्ठ्यांना प्रथम ‘ड्रॉन नोट’ म्हणत, म्हणजे जमा रकमेतून ओढून घेण्याची चिठ्ठी. आजच्या चेकचा हा पूर्वज होय. इंग्लंडमधील सर्वांत जुन्या ज्ञात चेकांपैकी एक १६५९ सालचा आहे. आपल्या हुंडीचाही पाया हाच. लिहिणारा एक, ज्याच्यावर लिहिली तो दुसरा, ज्याला पैसे मिळणार तो तिसरा.

पुढे जमेपेक्षा जास्त ओढण्याची सोय निघाली. एडिंबरोच्या विल्यम हॉग नावाच्या व्यापाऱ्यास १७२८ मध्ये रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने खात्यातील रकमेपेक्षा १००० पौंड जास्त काढण्याची परवानगी दिली. ओव्हरड्राफ्टची सुरुवात येथून मानतात.

भारतात या व्यवहारांचा कायदा म्हणजे १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट. त्याच्या कलम ७ मध्ये दोन शब्दांची व्याख्या आहे : ‘ड्रॉअर’ आणि ‘ड्रॉई’. या दोहोंत आपल्या लोकांचा फार गोंधळ होतो. तो मिटवण्यासाठी मदरशातले किंवा उर्दू शाळेतले व्याकरण आठवावे. काम करणारा तो फाइल, आणि ज्याच्यावर काम घडते तो मफऊल. हाकिम आणि महकूम, तालिब आणि मतलूब. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी ‘अर’ आला की तो फाइल आणि ‘ई’ आली की तो मफऊल. म्हणून ड्रॉअर म्हणजे ओढणारा आणि ड्रॉई म्हणजे ज्याच्याकडून ओढायचे तो. मराठी जमाखर्चाच्या पुस्तकांत यांना आदेशक आणि आदेशिती म्हणतात.

आता चेक डोळ्यांसमोर आणा. त्यावर सही करणारे आपण ड्रॉअर. ज्या बँकेचा चेक आहे ती बँक ड्रॉई. ज्याचे नाव लिहिले तो पेई. पुष्कळ लोक पेईलाच ड्रॉई समजतात. ते चूक आहे. आणि रिटर्न मेमोवर ‘रेफर टू ड्रॉअर’ असा शेरा असेल तर बँक सांगत असते : आम्हाला विचारू नका, ज्याने सही केली त्याला जाऊन विचारा.

डिमांड ड्राफ्टची गोष्ट निराळी. तेथे ओढणारी बँक आणि जिच्याकडून ओढायचे तीही त्याच बँकेची दुसरी शाखा. पैसे आधीच भरलेले असतात. म्हणून अनोळखी पेढीशी व्यवहार करताना जुने व्यापारी चेकपेक्षा ड्राफ्ट मागत.

हुंडीसारख्या बिल ऑफ एक्स्चेंजमध्ये माल विकणारा ड्रॉअर आणि घेणारा ड्रॉई असतो. येथे एक बारकावा आहे. खरेदीदाराने बिल स्वीकारल्याची सही करीपर्यंत त्या बिलावर त्याची जबाबदारी येत नाही. आपले लोक हुंडी सकारणे म्हणतात ते हेच. नुसते बिल काढून माल पाठवला म्हणजे पैसा बांधला गेला, असे समजू नये. निर्यातदारांनी लेटर ऑफ क्रेडिट हाती आले की ‘ड्रॉन ऑन’ या दोन शब्दांपुढे कोणाचे नाव आहे ते प्रथम पाहावे. २००७ पासून लागू असलेल्या यूसीपी ६०० नियमांप्रमाणे क्रेडिटमध्ये खरेदीदारावर काढलेला ड्राफ्ट मागता येत नाही. तो बँकेवरच काढलेला हवा. खरेदीदाराचे नाव दिसले तर माल चढवण्याआधी दुरुस्ती मागावी.

सही करणारा तो ड्रॉअर

आमच्या ओळखीतील एका यंत्रमागधारकाची गोष्ट सांगतो. तो एका व्यापाऱ्याकडून उधारीवर सूत घेई. व्यापाऱ्याने सहीचे दोन कोरे चेक मागितले. हा म्हणाला, “शेठ, खात्यात तर काहीच नाही.” शेठ म्हणाले, “अरे भाई, बँकेत कोण टाकतोय? नुसती तारण म्हणून फाइलला राहतील.” मंदी आली, उधारी थकली, आणि एके दिवशी चेकवर आकडा भरून तो बँकेत गेला. नंतर वकिलाची नोटीस. आमचा हा भाऊ सगळ्यांना एकच सांगे, “आकडा माझ्या हाताचा नाही, तारीख माझ्या हाताची नाही.” सही मात्र त्याच्या हाताची होती. शेवटी दोन माग विकून त्याने तडजोड केली.

कायदा काय म्हणतो ते नीट समजून घ्या. कलम १३८ हे १ एप्रिल १९८९ पासून लागू झाले. देणे फेडण्यासाठी दिलेला चेक खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने परत आला, तर तो गुन्हा ठरू शकतो. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बँकेकडून चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत घेणेकऱ्याने लेखी नोटीस पाठवायची असते. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत ड्रॉअरने रक्कम दिली तर गुन्हा होत नाही. हे १५ दिवस सोन्याचे आहेत. नोटीस न घेता पोस्टमनला परत पाठवणे म्हणजे हे दिवस स्वतःच्या हाताने घालवणे होय. घेणेकऱ्यासाठीही मुदत आहे : ते १५ दिवस संपल्यावर एक महिन्यात तक्रार दाखल करावी लागते. आणि चेक तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत टाकायला हवा, हा नियम १ एप्रिल २०१२ पासून आहे; पूर्वी सहा महिने मिळत.

कोऱ्या चेकबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितले की, स्वखुशीने सही करून दिलेल्या चेकवर बाकी मजकूर दुसऱ्याने भरला तरी ड्रॉअर जबाबदारीतून सुटत नाही. देणेच नव्हते हे सिद्ध करण्याची संधी त्याला असते. पण ते सिद्ध करण्याचा बोजा त्याच्यावर येतो. तोंडी ‘फक्त तारण’ म्हटल्याने कागद बदलत नाही. चेक दिल्यावर बँकेला पैसे देऊ नका असे कळवले किंवा खातेच बंद केले तरी सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ आणि १९९९ च्या निकालांत हे ठरवून टाकले आहे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. संयुक्त खात्यावर नवऱ्याने एकट्याने सही केलेला चेक परत आला, तर सही न केलेल्या बायकोवर या कलमाखाली खटला चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. ड्रॉअर म्हणजे ओढणारा हात; ज्याचा हात नाही तो ड्रॉअर नाही. भागीदारी पेढीच्या चेकची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे कलम १४१ प्रमाणे पेढीचा कारभार पाहणारे भागीदारही अडकू शकतात.

म्हणून तारणाचा चेक द्यावाच लागला तर रक्कम स्वतः लिहावी. तो कोणत्या मालापोटी, किती देण्यापोटी दिला याचे पत्र करून त्यावर घेणाऱ्याची सही घ्यावी. चेकचा क्रमांक वहीत नोंदवावा. हिशेब चुकता झाला की चेक परत मागून घ्यावा.

ड्रॉइंग पॉवर : मंजुरी वेगळी, उचल वेगळी

बँकेने दहा लाखांचे कॅश क्रेडिट मंजूर केले म्हणजे दहा लाख आपले झाले, असा समज बाजारात फार आहे. दहा लाख ही मर्यादा. त्यातले आज किती ओढता येतील, ती ड्रॉइंग पॉवर. ती आपल्या मालावरून व उधारीवरून ठरते. उदाहरण पाहा. दुकानात ८ लाखांचा माल आहे. त्यातील २ लाखांच्या सुताचे पैसे अजून द्यायचे आहेत. बँक ते वजा करते, उरले ६ लाख. त्यावर २५ टक्के मार्जिन कापले, राहिले साडेचार लाख. ९० दिवसांच्या आतले येणे ४ लाख आहे. त्यावर ४० टक्के मार्जिन कापले, राहिले २ लाख ४० हजार. एकूण ड्रॉइंग पॉवर ६ लाख ९० हजार. मार्जिनचे प्रमाण बँकेबँकेत व खात्याखात्यात बदलते, रीत हीच. अशा खात्यावर ८ लाखांचा चेक काढला तर मर्यादा दहा लाखांची असूनही तो परत येऊ शकतो, आणि मग वर सांगितलेले कलम १३८ दारात उभे राहते.

दुसरी गोष्ट, स्टॉक स्टेटमेंट. ते तीन महिन्यांपेक्षा जुने असेल तर त्यावर काढलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अनियमित धरली जाते, आणि ही अनियमितता सलग ९० दिवस चालू राहिली तर खाते बुडीत वर्गात जाऊ शकते. व्याज वेळेवर भरणारा माणूससुद्धा केवळ कागद न दिल्यामुळे तेथे जाऊन बसतो. म्हणून दर महिन्याला स्टेटमेंट द्यावे, आणि त्यात जेवढा माल गोदामात आहे तेवढाच लिहावा. फुगवून लिहिलेला माल हा रिकाम्या विहिरीत सोडलेला दोर आहे.

गल्ल्यातली उचल

ताळेबंदात ‘ड्रॉइंग्ज’ म्हणून एक रक्कम असते. मराठीत तिला उचल म्हणतात. मालकाने घरासाठी धंद्यातून काढलेला पैसा म्हणजे उचल. हा धंद्याचा खर्च नव्हे. तो थेट भांडवलातून वजा होतो. वर्षाला ३ लाख नफा झाला आणि घरासाठी ४ लाख उचलले, तर आपण मोठ्या मेहनतीने १ लाखाने गरीब झालो. गल्ल्यालाही इंग्रजीत ड्रॉअरच म्हणतात आणि त्यातून काढणाऱ्यालाही ड्रॉअरच. मुलाच्या लग्नाचा खर्च, घराची डागडुजी, भावाला दिलेली रक्कम हे सारे दुकानखर्चात दडवले तर हिशेब आपल्यालाच फसवतो. दरमहा ठरावीक उचल घ्यावी आणि तिची वेगळी नोंद ठेवावी. भागीदारी असेल तर कोण किती उचलणार हे करारात लिहावे. भावाभावांच्या पेढ्या तोट्याने कमी आणि न लिहिलेल्या उचलीने जास्त मोडलेल्या आम्ही पाहिल्या आहेत.

ड्रॉबॅक : परत ओढलेला पैसा

‘ड्रॉबॅक’चा रोजचा अर्थ दोष किंवा उणीव. पण जकातीच्या भाषेत त्याचा अर्थ भरलेला कर परत ओढून घेणे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात कलम ७४ व ७५ ही याची दोन दारे आहेत. आयात केलेली वस्तू जशीच्या तशी परत निर्यात केली तर कलम ७४. तेथे अटी पाळल्यास शुल्काचे ९८ टक्के परत मिळतात. कच्चा माल आणून त्याचे कापड किंवा कपडे करून निर्यात केले तर कलम ७५. त्याचे दर सरकार जाहीर करते. २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून ही परतफेड मुख्यतः सीमाशुल्कापुरती राहिली आहे. मात्र कलम ७५ खाली ड्रॉबॅक घेतला आणि परदेशातील खरेदीदाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत आले नाहीत, तर तो परत भरावा लागतो. आपण ओढलेला पैसा सरकारही परत ओढू शकते, हे विसरू नये.

धड्याचे सार

एवढे सगळे अर्थ पाठ करण्याची गरज नाही. कोणत्याही कागदावर ‘ड्रॉ’ किंवा त्याच्या घराण्यातला शब्द दिसला की सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. ओढणारा हात कोणाचा? ओढायचे कोणाकडून? आणि तिथे ओढण्याइतके आहे काय?

चेकवर पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतः असतो. बिलावर आणि लेटर ऑफ क्रेडिटवर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणा बड्या बँकेचे आहे की ज्याची पत ठाऊक नाही अशा खरेदीदाराचे, यावर आपला माल अवलंबून असतो. आणि कॅश क्रेडिट असो की घरची उचल, तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच वहीत लिहिलेले असते. ते वाचायला वकील लागत नाही. घरातील शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना रात्री जवळ बसवून पेढीचे दोन कागद त्यांच्याकडून वाचून घ्यावेत. त्यांचे इंग्रजी सुधारेल आणि आपली सही शहाणी होईल.